तेल खाणारे जंतू

ट्रॅक्टरमध्ये डिझेल ओतताना डबा कलंडतो, चार-पाच लिटर तेल जमिनीत मुरते आणि आपण म्हणतो, 'जाऊ द्या, मातीनं पिऊन टाकलं.' मंडळी, माती तेल पीत नाही. पण मातीतले काही जंतू ते खरोखरच खातात. जंतू म्हटले की रोगच, असे समजू नका.

डिझेल म्हणजे कर्ब आणि हायड्रोजन यांच्या साखळ्या. प्राणवायू घेऊन जंतू त्या तोडतात. शेवटी उरतो कर्बवायू आणि पाणी. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलीजिया' या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले. किनारा साफ करताना दिल्लीच्या 'टेरी' संस्थेचे 'ऑइलझॅपर' वापरले गेले. नाव भारी, पण आत आहेत पाच जातींचे जंतू, आणि त्यांना बसायला दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भुगा!

मग आपल्या हिंगोलीच्या काळ्या रानात हे काम आपोआप का होत नाही? होते, पण फार सावकाश. न कुजलेले कुटार गाडले की पीक पिवळे पडते, हे तुम्ही पाहिलेच आहे. कुटारात कर्ब फार, नत्र थोडे. मग जंतू जमिनीतले नत्र ओढतात. डिझेलमध्ये तर नत्र जवळजवळ नाहीच. शिवाय काळी माती पावसात चिकट झाली की हवा कोंडते. आणि खाली खडकाच्या भेगांतून तेल विहिरीत उतरले, तर तिथे हवा आणखी कमी. विहिरीवर तेलाचा तवंग दिसला, तर ते पाणी उकळूनही पिऊ नये.

म्हणून तेल सांडताच ती माती उकरून काढा. विहिरीपासून दूर, पावसाचे पाणी येणार नाही अशा जागी जाड प्लास्टिकवर वीतभर थर द्या. शेणखत आणि थोडा युरिया मिसळा, ओल राखा, पण चिखल नको. आठवड्याला फावड्याने वरखाली करा. जवळ विडी पेटवू नका. काही महिने लागतील. घाई करून ती माती भाजीच्या वाफ्यात टाकू नये. टँकरच उलटला, तर मात्र तहसीलदारांना कळवावे.

इंजिनाचे काळे ऑइल या ढिगात नको. त्यात झिजलेल्या भागांचे धातू असतात, आणि धातू कोणताही जंतू पचवून संपवत नाही. ते झाकणाच्या डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्याला द्यावे.