फणसाच्या खोडावरची साखर

पुण्याच्या कसबा पेठेसारख्या जुन्या वस्तीत बाळगुटीची सहाण अजून पुरती अडगळीत गेलेली नाही. वेखंड, मुरडशेंग, जायफळ उगाळणाऱ्या जाणत्या बायकांना आणखी एक वस्तू ठाऊक असे, ती म्हणजे फणसोंबा. मुलाची लाळ फार गळत असेल, तोंड आले असेल, तर हा टणक तपकिरी तुकडा पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायचा. हगवणीवर तो पोटात द्यायचा आणि वाहते रक्त थांबवायलाही वापरायचा, अशी मराठी मुलखातली रीत.

फणसोंबा ही मुळी नव्हे आणि सालही नव्हे. ती फणसाच्या जुन्या खोडावर वाढणारी बुरशी आहे. पुणे विद्यापीठातले जे. जी. वैद्य आणि ए. एस. रब्बा यांनी १९९३ मध्ये ‘द मायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात लोकवैद्यकातल्या बुरशींवर लेख लिहिला, त्यात फणसोंब्याला मानाचे स्थान होते. वैद्य यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. फणसोंबा म्हणून जे विकले जाते ती एक बुरशी नाही. फेलिनस या प्रजातीतल्या अनेक जाती त्या एकाच नावाखाली खपतात.

या बुरशीचा तुकडा हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. वरचा पृष्ठभाग काळपट आणि भेगाळलेला, खालच्या बाजूला डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी बारीक छिद्रे. उभा छेद घेतला की आत गंजासारखा पिवळा-तपकिरी रंग आणि एकावर एक चढलेले नलिकांचे थर दिसतात, कारण ही बुरशी बहुवर्षायू आहे आणि दर हंगामात नवा थर चढवते. त्या छेदावर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाचा एक थेंब टाकला की तो भाग क्षणात काळा पडतो. या कुळाची ओळख पटवायला अभ्यासक आजही ही साधी चाचणी करतात.

फेलिनस हे नाव जगभर गाजले ते १९६८ मध्ये. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात इकेकावा आणि सहकाऱ्यांनी अनेक बुरशींचे गरम पाण्यातले अर्क उंदरांवर तपासले. उंदरांच्या अंगात ‘सार्कोमा-१८०’ या गाठी वाढवलेल्या होत्या. फेलिनस लिंटेयस या तुतीवर वाढणाऱ्या जातीच्या अर्काने गाठींची वाढ ९६.७ टक्क्यांनी रोखली. कोरियात ‘सांगह्वांग’ नावाने ही बुरशी आधीपासूनच औषधात होती. पुढच्याच वर्षी गोरो चिहारा यांनी शिताके अळंबीतून लेंटिनन हा पदार्थ शुद्ध रूपात वेगळा काढला आणि ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. लेंटिनन निघाला निव्वळ ग्लुकोजचा बनलेला.

आश्चर्य वाटावे अशी जागा हीच आहे. भातातला स्टार्च ग्लुकोजचाच असतो, कापसातले सेल्युलोजही ग्लुकोजचेच. मग एक पोट भरते, दुसऱ्याचे सदरे होतात आणि तिसरे औषध ठरते, ते कशामुळे? सगळा फरक सांध्यांत आहे. ग्लुकोजच्या रेणूतल्या कार्बनना १ ते ६ असे क्रमांक असतात. स्टार्चमध्ये एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्याशी ‘अल्फा’ दिशेने जोडलेला असतो, सेल्युलोजमध्ये तोच सांधा ‘बीटा’ दिशेने असतो. बुरशीच्या पेशीभित्तिकेत मुख्य साखळी बीटा-१,३ सांध्यांची असते आणि तिला बीटा-१,६ सांध्यांनी फांद्या फुटतात. या बहुशर्करेला बीटा-ग्लुकन म्हणतात.

लेंटिननमध्ये मुख्य साखळीतल्या दर पाच ग्लुकोजमागे दोन फांद्या असतात. वाळक्या लाकडावर पावसाळ्यात उगवणाऱ्या शिझोफिलम कम्यून या पांढुरक्या, पंख्याच्या आकाराच्या बुरशीतल्या ग्लुकनमध्ये दर तीन ग्लुकोजमागे एक फांदी असते. शेतकऱ्यांना भुईमुगाची खोडकूज म्हणून जिचा ताप होतो त्या स्क्लेरोशियम रॉल्फसायच्या ग्लुकनचीही ठेवण अशीच असते. लेंटिननच्या एका रेणूत ग्लुकोजचे घटक तीन हजारांच्या आसपास भरतात. अशा तीन साखळ्या तिपेडी वेणीसारख्या एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. तीव्र अल्कलीत ही गुंफण सुटते. साखळी लहान असली, फांद्या कमी-जास्त असल्या किंवा ही गुंफण सुटलेली असली तर परिणामही बदलतो. म्हणूनच ‘अळंबीचा अर्क’ एवढेच सांगून काहीच सांगितल्यासारखे होत नाही.

शरीरात हे ग्लुकन करते काय? ते कर्करोगाच्या पेशीला स्वतः मारत नाही. माणसाच्या शरीरात बीटा-१,३ ग्लुकन तयारच होत नाही, त्यामुळे ते दिसले की प्रतिकारयंत्रणा समजते की बुरशी आत शिरली आहे. ऑक्सफर्डच्या गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की भक्षक पेशींवरचे डेक्टिन-१ हे प्रथिन नेमके हेच ग्लुकन ओळखते. ओळख पटली की भक्षक पेशी खडबडून जाग्या होतात आणि इतर पेशींनाही कामाला लावतात. या जागेपणाचा उपयोग गाठीविरुद्ध करून घ्यायचा, एवढीच या औषधामागची कल्पना.

जपानने ती प्रत्यक्षात आणली. ट्रॅमेटीस व्हर्सिकलर या बुरशीतून काढलेल्या, प्रथिनाशी जोडलेल्या बहुशर्करेला तिथे १९७७ मध्ये ‘क्रेस्टिन’ नावाने मान्यता मिळाली. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या २६२ रुग्णांवरची चाचणी १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. केमोथेरपीसोबत हे औषध घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते, नुसती केमोथेरपी घेणाऱ्यांपैकी ६० टक्के. हा फरक खरा आहे, पण तो केमोथेरपीच्या जोडीने मिळालेला आहे. लेंटिननही जपानमध्ये इंजेक्शनने आणि केमोथेरपीसोबतच दिले जाई. नव्या औषधांच्या रेट्यात क्रेस्टिनची विक्री पुढे थांबली.

बुरशीच्या भिंतीची रचना ठाऊक असणे किती मोलाचे आहे, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये फार मोठी किंमत मोजून अनुभवले. कोविडमागोमाग म्युकरमायकोसिसची साथ आली. रक्तातले बीटा-ग्लुकन मोजून बुरशीचा संसर्ग ओळखणारी चाचणी उपलब्ध आहे, पण म्युकरच्या भिंतीत हे ग्लुकन फारच कमी असल्याने ती इथे उपयोगी पडत नाही. ग्लुकन तयार होण्यावरच घाव घालणारी कॅस्पोफंजिनसारखी औषधेही याच कारणाने म्युकरपुढे निष्प्रभ ठरतात. डॉक्टरांची भिस्त ॲम्फोटेरिसिन-बी वर राहिली आणि त्याच्या कुप्यांसाठी नातेवाईकांना वणवण करावी लागली.

कसबा पेठेतून मुठा ओलांडून आगरकर रस्त्यावर गेले की आघारकर संशोधन संस्था लागते. देशाचा राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह इथे आहे, बुरशीशास्त्रज्ञ अजरेकर यांच्या नावाचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रहही इथलाच. नेमकी जात ओळखणे, ती जिवंत जपणे आणि संशोधकांना पुरवणे ही कामे अशा ठिकाणी होतात. केरळात त्रिशूरच्या अमला कर्करोग संशोधन केंद्राने फणसावरच्या फेलिनस रिमोसस या जातीच्या अर्कांवर उंदरांत चांगले काम केले आहे. फणसोंब्याच्या नावाखाली खपणारी प्रत्येक जात याच कसोटीवर लावली पाहिजे. कोणती जात, कोणती साखळी, किती फांद्या, तोंडावाटे घेतली तर किती उपयोग, हे सगळे तपासण्याजोगे प्रश्न आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी बसलेल्या पुण्याने ते तपासायचे नाहीत तर कोणी?

तोवर बाजारात ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ अळंबीच्या भुकट्या आणि कॅप्सुलांची रीघ लागली आहे. डब्यावर ‘पॉलिसॅकराइड ३० टक्के’ असे लिहिलेले पाहून भुलू नये. स्टार्चही पॉलिसॅकराइडच आहे. धान्यावर बुरशीचे तंतू वाढवून ते धान्यासकट दळले, तरी हा आकडा फुगतो. थोडी भुकटी पाण्यात उकळून, गार झाल्यावर तीत टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. गडद निळा-काळा रंग आला तर डब्यात स्टार्च भरपूर आहे असे समजावे. घेणाऱ्याने बुरशीच्या जातीचे शास्त्रीय नाव आणि बीटा-ग्लुकनचे स्वतंत्र प्रमाण छापले आहे का ते पाहावे. रस्त्याकडेच्या झाडावरची बुरशी खरवडून काढा करू नये. आणि घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल, तर असली कोणतीही भुकटी सुरू करण्याआधी ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी. त्यांनी ठरवलेला उपचार तिच्या भरवशावर एक दिवसही पुढे ढकलू नये.