जुन्या इंजिनाचे डोके

कोल्हापूरहून हुपरीकडे जाताना गडमुडशिंगी हे गाव लागते. जवळच विमानतळ आहे आणि थोड्या अंतरावर गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. तिथे, शिरोलीत आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम व यंत्रकाम करणारे कितीतरी कारखाने आहेत. हौसेने जुनी मोटार सांभाळणाऱ्याला अशा भागात मोठी सोय असते. नवे इंजिन परवडत नसेल, तर तो आहे त्याच इंजिनाचे ‘हेड’ सुधारून घेऊ शकतो. पण हेड सुधारायचे म्हणजे नेमके काय करायचे? आणि कुठे थांबायचे?

फियाटचे उदाहरण

महाराष्ट्रातली ओळखीची जुनी मोटार म्हणजे मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट ११००. पुढे ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईच्या टॅक्सींमधून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी लोकांकडे मात्र ती अजून धावते. तिच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. गणित करून पाहा: एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २७२.४ घन सेंटिमीटर आणि चौघांचे मिळून १०८९ घन सेंटिमीटर येते.

या सिलिंडरांवर झाकणासारखे बसते ते हेड. पण ते नुसते झाकण नव्हे. हवा आणि पेट्रोल आत येण्याची वाट, धूर बाहेर जाण्याची वाट, दोन्ही वाटांवरचे व्हॉल्व्ह, ठिणगी पाडणारा प्लग आणि ज्वलनाची पोकळी, हे सगळे हेडमध्येच असते.

किती दाबायचे?

पिस्टन वर आला की मिश्रण त्या पोकळीत दाबले जाते. समजा, ही पोकळी ४३.२ घन सेंटिमीटरची आहे. पिस्टन खाली असताना एकूण जागा २७२.४ + ४३.२ = ३१५.६ होते. तिला ४३.२ ने भागले की ७.३ येतात. हेच संपीडन गुणोत्तर.

मिश्रण जितके जास्त दाबाल, तितके त्याच इंधनातून काम जास्त मिळते. म्हणून हेडचा खालचा पृष्ठभाग घासून पोकळी लहान करतात. गुणोत्तर ८ करायचे तर पोकळी ३८.९ हवी, म्हणजे ४.३ घन सेंटिमीटर कमी. पोकळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर असेल, तर हेड सुमारे १.४ मिलिमीटर घासावे लागेल.

आणि फायदा किती? आदर्श इंजिनाच्या सूत्राप्रमाणे कार्यक्षमता ५४.८ टक्क्यांवरून ५६.५ टक्क्यांवर जाते. म्हणजे त्याच पेट्रोलात जेमतेम तीन टक्के जास्त काम!

धोका कुठे आहे?

मिश्रण फार दाबले, तर ते तापते आणि ज्योत पोचण्याआधीच त्याचा शेवटचा भाग आपोआप पेटतो. पन्हाळ्याचा चढ चढताना इंजिनातून टकटक ऐकू आली, तर समजावे की हेच घडत आहे. ही टकटक फार वेळ चालली तर पिस्टन भाजून निघतो. इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर या टकटकीचा बारकाईने अभ्यास केला. पोकळीचा आकार बदलून मिश्रण चांगले घुसळले, तर टकटक कमी होते, हे त्यांनी दाखवले. घासण्यापेक्षा आकाराकडे आधी पाहावे, हाच त्यातला धडा.

दुसरा धोका असा, की हेड खाली आले की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांजवळ येतात. ते एकमेकांवर आपटले तर इंजिन गेलेच! याची तपासणी अगदी स्वस्त आहे. पिस्टनच्या माथ्यावर खेळायच्या मऊ मातीचा गोळा ठेवावा, जुने गॅस्केट घालून हेड बसवावे आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे. मग हेड काढून मातीचा सर्वात पातळ भाग मोजावा. तेवढेच अंतर उरले आहे.

आणि मुख्य गोष्ट, घासलेला धातू परत लावता येत नाही.

खर्च कमी, फायदा चांगला

मग आधी काय करावे? पहिले काम, व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांवर पेस्ट लावून घासणे. ही बैठक गळत असेल, तर दाबलेले मिश्रण निसटते आणि वाढवलेल्या गुणोत्तराचा काही उपयोग होत नाही. तपासणी सोपी आहे: प्लग लावून हेड उलटे ठेवा, पोकळीत रॉकेल ओता. पोर्टमध्ये थेंब उतरला नाही, तर बैठक चांगली.

दुसरे काम, वाटा जुळवणे. मॅनिफोल्डची वाट आणि हेडची वाट जिथे मिळतात, तिथे बहुधा पायरी असते. गॅस्केट टेकवून रेघ मारावी आणि ती पायरी कानसने घासून सपाट करावी. पण वाट फार रुंद करू नये. नदी रुंद झाली की संथ होते, तसाच हवेचा वेग मंदावतो आणि कमी वेगात इंजिन ओढत नाही. शिवाय पेट्रोलच्या वाटेला आरशासारखी चकाकी देण्याची गरज नसते. थोडा खरखरीतपणा पेट्रोलचे थेंब हवेत मिसळायला मदत करतो.

तिसरे काम, हेड वाकले आहे का ते पाहणे. ॲल्युमिनियम तापले की ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून खूप तापलेले हेड वाकते. सरळ पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का, ते पाहा. पृष्ठभाग सरळ होण्यापुरतेच घासावे, त्याहून जास्त नको.

करून पाहा

प्रयोगशाळेतला ब्युरेट घ्या. एखादी लहान वाटी समतल ठेवा आणि तिच्यावर छिद्र पाडलेली पारदर्शक प्लॅस्टिकची चकती बसवा. चकतीच्या कडेला थोडे ग्रीस लावा. छिद्रातून रंगीत पाणी सोडा. चकतीखाली बुडबुडा राहिला नाही, की ब्युरेटवरचा आकडा म्हणजे वाटीचे आकारमान. मेकॅनिकही हेडच्या पोकळ्या याच रीतीने मोजतात. चारही पोकळ्या सारख्या नसतील, तर चारही सिलिंडरांचा जोर सारखा कसा राहील?

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी: वरच्या हिशोबात १.४ मिलिमीटरऐवजी ०.७ मिलिमीटरच घासले, तर गुणोत्तर किती होईल? कानस हातात घेण्याआधी पेन्सिल हातात घ्या आणि उत्तर काढा.