पोहून आलेल्या कुत्र्याचा श्वास

पनवेलच्या आसपासच्या फार्महाऊसवर शनिवार-रविवार काढायला येणाऱ्या मंडळींबरोबर हल्ली घरचं कुत्रंही असतं. दिवसभर पाण्यात चेंडू फेकायचा आणि त्यानं तो आणायचा. संध्याकाळी गाडी पनवेलजवळच्या कोन गावावरून परतीला लागते, मागच्या सीटवर लॅब्राडोर आडवा होतो. ‘आज चांगलाच दमला,’ एवढं म्हणून सगळे पुढं बघू लागतात. खरं तर त्याच्याकडे नीट पाहायची वेळ आत्ता सुरू झालेली असते.

खेळताना श्वासनलिकेत थोडं पाणी गेलं, तर बहुतेक कुत्री ते खोकून बाहेर टाकतात आणि प्रकरण तिथंच मिटतं. पाणी फुप्फुसात खोल उतरलं, तर मात्र वायुकोश उघडे ठेवणारा पातळ थर बिघडतो, कोश मिटू लागतात आणि केशवाहिन्यांतून द्रव झिरपतो. याला काही तास लागू शकतात. कधी त्रास दिसेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. गढूळ पाण्यातले जंतू आत गेले असतील, तर एक-दोन दिवसांनी ताप, ओला खोकला आणि न्यूमोनिया.

म्हणून श्वास मोजायला शिकावं. कुत्रं शांत पडलं की बरगड्यांकडे पाहायचं. त्या एकदा वर येऊन खाली गेल्या की एक श्वास. ३० सेकंद मोजून दुप्पट करायचं. निरोगी कुत्रं विश्रांतीत मिनिटाला साधारण १० ते ३० श्वास घेतं. झोपेतही आकडा ४०च्या वर राहत असेल, तर तो नुसता थकवा नव्हे.

खेळून लागलेली धाप सावलीत हळूहळू ओसरते. श्वास कोंडलेलं कुत्रं वेगळंच दिसतं. ते दमलेलं असूनही आडवं होत नाही, पुढच्या पायांची कोपरं अंगापासून फाकवून बसतं, मान पुढं ताणतं. प्रत्येक श्वासाला त्याचं पोट भात्यासारखं आत-बाहेर होतं. अशा वेळी वरचा ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी असायला हवी. निळसर, राखाडी किंवा पांढरीफटक दिसली की घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची जीभ किंवा खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

धोका सगळ्यांना सारखा नाही. पग आणि बुलडॉग यांच्या आखूड नाकातून आधीच हवा जेमतेम जाते, त्यांना खोल पाण्यात सोडूच नये. म्हाताऱ्या लॅब्राडोरचं भुंकणं घोगरं झालं असेल आणि श्वास घेताना आवाज येत असेल, तर स्वरयंत्र नीट उघडत नसण्याची शक्यता असते; त्याला पोहवण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. आपल्याकडच्या दमट हवेत धापेनं अंग पुरेसं निवत नाही, त्यामुळे पाण्यात खेळूनही उष्माघात होतो. तेव्हा हिरड्या लालभडक दिसतात. चेंडू तोंडात धरून पोहताना तोंड उघडं राहतं आणि पाणी पोटात जातच राहतं. ते फार झालं तर रक्तातलं सोडियम घटतं. झोकांड्या, उलट्या, फुगलेलं पोट, हरवलेली नजर ही त्याची लक्षणं. हाही तातडीचाच प्रसंग.

पाणी काढण्यासाठी शुद्धीवरच्या कुत्र्याला उलटं धरणं किंवा त्याचं पोट दाबणं घातक आहे. उलटी फुप्फुसात जाऊ शकते. त्याला हव्या त्या स्थितीत बसू द्यावं, गाडीचा एसी लावावा, खायला-प्यायला काही देऊ नये आणि माणसांची औषधं तर नाहीच.

परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय किंवा महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय कोनहून बरंच लांब पडतं. धाप लागलेल्या कुत्र्याला आधी ऑक्सिजन हवा असतो, म्हणून तो पनवेल परिसरात कोणत्या डॉक्टरांकडे मिळतो, हे सहलीला निघण्याआधीच फोन करून विचारावं. तपासून घरी सोडलं, तरी पुढचे दोन-तीन दिवस झोपेतला श्वास वेळेसकट लिहून ठेवावा. आकडा चढू लागला तर डॉक्टरांना पहिल्यांदा तोच कागद दाखवावा.