बेने इस्राएलांचे दान आणि स्मरण: आपल्या तालुक्यात काय करता येईल?



बारामती-इंदापूरकडे "ससूनला न्या" हे वाक्य ऐकले नाही असे घर विरळाच. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, तरी मोठ्या दुखण्याला पुण्याची वाट धरावी लागते. पण ससून म्हणजे कोण, असे आपल्या तरुणांना विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. डेव्हिड ससून हे बगदादहून मुंबईत आलेले यहुदी व्यापारी. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय 1867 मध्ये सुरू झाले. पुणे कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, त्यांनीच बांधायला घेतले आणि त्यांची कबरही तिथेच आहे. या घराण्याच्या संपत्तीत चीनला विकलेल्या अफूचा पैसा होता, तेही विसरायचे नाही.

शेठजींचे दान सगळ्यांना दिसते. आम्हाला सांगायचे आहे ते साध्या माणसांच्या कामाबद्दल. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतके तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. दिवेकर, केहिमकर, पेणकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली. भाषा मराठी, इतकी की वल्हांडणाच्या सणाचे पुस्तक 1874 मध्ये पुण्यात मराठीसह छापले गेले. सोने-चांदी नसलेल्या या समाजाने मशिदी (सिनेगॉगला ते मशीदच म्हणत), शाळा, स्त्रियांची मंडळे वर्गणी काढून चालवली.

हिब्रूत दानाला 'त्सदाका' म्हणतात. हा शब्द न्याय या अर्थाच्या मुळातून आला आहे. म्हणजे गरिबाला दिले ते उपकार नव्हेत, त्याचे होते ते त्याला पोचते केले. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, ही बरीच वरची पायरी. सर्वांत वरची म्हणजे माणसाला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन पुन्हा मागण्याची वेळच येऊ न देणे. आपल्याकडच्या वह्यावाटपाचे फोटो आठवा: मुलाचा चेहरा पुढे आणि देणाऱ्याचा हात त्याच्याही पुढे. दान पारमिता शिकवणाऱ्या धम्माच्या लोकांना हे शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे काम मृतांचे. मृताला आंघोळ घालणे, साधे पांढरे कापड नेसवणे, मातीपर्यंत पोहोचवणे हे यहुदी समाजात स्वयंसेवकांचे मंडळ करते. श्रीमंताला आणि गरिबाला कापड सारखेच. हे सर्वांत निखळ दान मानतात, कारण मेलेला माणूस परतफेड करू शकत नाही. नंतर दरवर्षी त्या तिथीला दिवा लावतात आणि 'कद्दीश' म्हणतात. जुन्या रीतीप्रमाणे त्याला दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. इस्राएलला स्थलांतर झाल्यावर भारतात बेने इस्राएल काही हजारच उरले. कोकणातल्या काही मशिदींत ते दहा जण जमवणे हेच मोठे काम होऊन बसले आहे.

नाझींनी सुमारे 60 लाख यहुदी मारले. त्यांची नावे जमवण्याचे काम जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था 1950 च्या दशकापासून करते. एका माणसाला एक पान: नाव, आईबापांची नावे, गाव, धंदा, शेवट कसा झाला. पान भरतो तो नातेवाईक किंवा शेजारी. इस्राएल सरकारच्या धोरणाबद्दल तुमचे-आमचे मत काहीही असो, या पद्धतीत शिकण्यासारखे आहे. बाबासाहेबांनी आपल्या एका इंग्रजी लिखाणाला 'भारताच्या घेट्टोची मुले' या अर्थाचे नाव दिले होते. घेट्टो हा शब्द व्हेनिसमधल्या 1516 च्या यहुदी वस्तीचा.

आपण 14 एप्रिल, 14 ऑक्टोबर, 6 डिसेंबर जोरात करतो. पण आपल्या गावात पहिली दीक्षा कोणी घेतली? मेलेली गुरे ओढणे कोणी बंद केले, आणि त्याबद्दल मार कोणी खाल्ला? उजनीच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातली गावे गेली. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक फोटो काढायला जातात. त्याच पाण्याखाली गेलेल्या वस्त्यांत कोण राहत होते, ते सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत.

म्हणून येत्या वर्षावासात प्रत्येक विहारात एक फाईल ठेवावी. दर पौर्णिमेला दोन तरुणांनी एका म्हाताऱ्या माणसाकडे जावे आणि एक पान भरून आणावे. नाव, आईबाप, मूळ गाव, काय काम केले, दीक्षा केव्हा आणि कुठे, कोणती गाणी येत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पुढाऱ्यांच्या भाषणाआधी ते पान मोठ्याने वाचावे. पहिले पान आपल्याच आजीचे असले तरी चालेल. फक्त तिचे माहेरचे नावही विचारून घ्या.