फाईल न उघडता पाहण्याची सोय
पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावीही सातबारा आता पीडीएफ स्वरूपात, म्हणजे कोणत्याही यंत्रावर मांडणी न बदलणाऱ्या फाईलच्या रूपात मिळतो, आणि केवळ नावावरून हवा तो उतारा ओळखणे अवघड असल्याने एकेक फाईल उघडून मिटण्यात विनाकारण वेळ जातो. हा वेळ वाचवता येतो. ॲपलने २००७ साली ‘लेपर्ड’ या संगणकप्रणालीत आणलेल्या ‘क्विक लुक’ या सोयीत निवडलेल्या फाईलचे पूर्वदर्शन स्पेसबार दाबताच दिसते, बाणांच्या कळांनी पुढची फाईल समोर येते आणि स्पेसबार पुन्हा दाबला की ते मिटते; दाब ओळखणाऱ्या ट्रॅकपॅडवर, म्हणजे बोटांनी चालणाऱ्या स्पर्शफलकावर, फाईलवर जोराने दाबल्यासही तेच साधते. विंडोजमध्ये ऑल्ट आणि पी या कळा एकत्र दाबल्यास उजवीकडे पूर्वदर्शनाचा कप्पा उघडतो, मात्र त्या प्रकारची फाईल दाखवणारा प्रोग्राम संगणकात नसल्यास त्या कप्प्यात पूर्वदर्शन दिसत नाही.