दात पाडा, नवरी शोधा, फौज टाळा!

म्हाताऱ्यांनी चौकात जाऊन पोरांना चेव आणावा, असा सरकारी हुकूम कधी ऐकलाय? २३ ऑगस्ट १७९३ रोजी फ्रान्सच्या क्रांतिकारी संसदेने तो काढला. तरुणांनी लढायचं, लग्न झालेल्यांनी हत्यारं घडवायची, बायकांनी तंबू शिवायचे, पोरांनी जखमा बांधायला जुन्या कापडाच्या चिंध्या पिंजायच्या. तोवर लढाई म्हणजे राजा आणि त्याचे पगारी शिपाई यांचा मामला. आता १८ ते २५ वयाचा प्रत्येक सडाफटिंग रांगेत!

वर्षभरात फौज गेली साडेसात लाखांच्या आसपास. एवढ्यांना बंदुकीची दारू कुठून आणायची? तळघरांच्या ओल्या भिंती खरवडून सोरा काढा. तोफा हव्यात? चर्चच्या घंटा वितळवा. बुटांचं मात्र अवघड होतं. १७९३ च्याच नोव्हेंबरात स्ट्रासबुर्गला सँ-जुस्त नावाच्या २६ वर्षांच्या पुढाऱ्याने फर्मान सोडलं: फौजेत दहा हजार माणसं अनवाणी आहेत, शहरातल्या उमरावांच्या पायांतले बूट काढा, उद्या सकाळी दहाला दहा हजार जोड छावणीच्या वाटेवर दिसले पाहिजेत. फौजेच्या स्वतःच्या बुटांत तर डावा-उजवा हा भेदच नव्हता. समानता म्हणावी ती हीच!

१७९८ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदाच झाला आणि पळवाटांना बहर आला. बंदुकीचं काडतूस कागदाचं, ते दातांनी फाडायचं. मग काय, पुढचे दात पाडून घ्या! कुणी चाप ओढायचं बोटच उडवलं. विवाहितांना सूट मिळते म्हटल्यावर आजी शोभेल अशा विधवेशी लग्न लावणारेही निघाले. पैसेवाल्यांना एवढा खटाटोप नको होता; ते आपल्या जागी दुसरा माणूस विकत घेऊन पाठवत.

नेपोलियनच्या पडत्या काळात तर मिसरूडही न फुटलेली पोरं उचलली गेली. भरतीच्या हुकमावर सही सम्राज्ञी मारी-लुईजची, म्हणून पोरांचं नावही पडलं ‘मारी-लुईज’. फेब्रुवारी १८१४, शांपोबेरची लढाई. मार्शल मार्मोंने आठवणींत लिहून ठेवलंय: गोळ्यांच्या वर्षावात असाच एक पोरगा आपल्या लेफ्टनंटला म्हणाला, साहेब, तुम्हाला याची सवय आहे, माझी बंदूक तुम्ही चालवा, मी काडतुसं देतो.

लेफ्टनंटने बंदूक घेतली.