लंघन असावे, बलक्षय नसावा

चिकित्सेचे मूळ प्रकार दोनच, संतर्पण आणि अपतर्पण, असे वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. यालाच बृंहण व लंघन म्हणतात. चरकाचार्यांनी लंघनाचे दहा प्रकार वर्णिले असून त्यांत उपवास हा केवळ एक आहे. तरीही व्यवहारात लंघन म्हणजे उपाशी ठेवणे असाच अर्थ रूढ झाला. शासकीय खर्चकपातीची गतही अशीच झाली आहे. तिजोरीत तूट आली की प्रत्येक खात्याला ठरावीक टक्क्यांची कपात लावायची, हा सर्वांत सोपा उपवास होय.

लंघनाला आमचा विरोध नाही. शासनाच्या शरीरात मेद साठला असेल तर तो उतरविलाच पाहिजे. परंतु लंघन देण्यापूर्वी वैद्य रुग्णाचे बल पाहतो. हे बल शासनाच्या ठिकाणी कोठे असते आणि कपात नेमकी कोठे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

टक्केवारी कोठे लागते?

एखाद्या ग्रामीण आयुर्वेदिक दवाखान्याचा खर्च उदाहरणादाखल शंभर रुपये धरू. त्यांतील पंच्याऐंशी रुपये वेतनाचे, दहा औषधांचे आणि पाच वीज, दुरुस्ती व किरकोळ बाबींचे समजा. आता एकूण खर्चात दहा टक्के कपात करण्याचा आदेश आला. वेतनाला हात लावता येत नाही. म्हणजे कपातीचे दहा रुपये उरलेल्या पंधरा रुपयांतूनच जाणार! कागदावर कपात दहा टक्क्यांची, पण औषधे आणि किरकोळ बाबी मिळून दोनतृतीयांश खर्च गेला.

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आहेत. वरील कपातीने भिषक् आपल्या खुर्चीवर राहतो, उपस्थाता राहतो, रोगीही दारात येतो; नाहीसे होते ते द्रव्य. शासन नव्वद रुपये खर्च करीत राहते आणि त्या खर्चाचे फळ मात्र जवळजवळ काहीच मिळत नाही. यास काटकसर कसे म्हणावे?

एक अनुभव

पदवीनंतरची काही वर्षे आम्ही एका जिल्हा परिषदेच्या आयुर्वेदिक दवाखान्यात काढली. वर्षभर मागणीपत्रे पाठवावीत आणि अनुदान परत जाऊ नये म्हणून मार्चअखेरीस एकदम पेट्या याव्यात, असा तेथील क्रम होता. एका वर्षी निधी घटला आणि आलेल्या पेट्यांत चूर्णेच अधिक निघाली. शार्ङ्गधरसंहितेने चूर्णाचे वीर्य फार काळ टिकत नाही, तर आसवे जुनी झाल्याने गुणवान होतात, असे सांगितले आहे. आमच्याकडे उलटच झाले. आसवारिष्टांची फळी रिकामी, आणि चूर्णांना आषाढातील ओलाव्याने गुठळ्या. अतिसाराच्या दिवसांत कुटजघनवटी नव्हती. महानारायण तेल तर माघातच संपले होते.

संधिवाताने गुडघे धरलेली एक आजी वाडीवरून चालत येई. ‘‘डॉक्टर, तेल आलं का?’’ एवढेच ती विचारी. पहिल्या दोन खेपांना आम्ही ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणालो. तिसऱ्या वेळी बाहेरून घेण्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी तिने घडी करून कनवटीला लावली, आणि त्यानंतर ती दवाखान्यात आली नाही. तिच्यासारखे आणखीही अनेक येईनासे झाले. वर्षअखेरीस बाह्यरुग्णांची संख्या घटल्याचे दिसले आणि त्याच आकड्याच्या आधारे पुढील वर्षाची तरतूद आणखी कमी झाली. औषध नाही म्हणून रुग्ण नाही, आणि रुग्ण नाही म्हणून औषध नाही, असे हे दुष्टचक्र होते.

सन २०२० चा निर्णय

कोरोनाकाळात महसूल आटला, तेव्हा महाराष्ट्र शासनाच्या वित्त विभागाने ४ मे २०२० रोजी निर्णय काढून विकासखर्चाला ३३ टक्क्यांची मर्यादा घातली आणि नव्या कामांना व नव्या नोकरभरतीला आळा घातला. परंतु सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा आणि मदत व पुनर्वसन यांना अग्रक्रम दिला. सरसकट कपात न करता काय वाचवायचे हे आधी ठरविले, ही या निर्णयातील ग्राह्य गोष्ट होय. मात्र विभाग वाचला म्हणजे दवाखान्यातील फळी वाचली असे नव्हे. संरक्षण विभागाच्या नावाला न देता औषधाच्या लेखाशीर्षाला दिले, तरच ते रुग्णापर्यंत पोहोचते.

तमिळनाडूची रीत

औषधे कमी न करता औषधांवरील खर्च आटोक्यात ठेवता येतो, हे तमिळनाडूने दाखविले आहे. तेथे १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. आवश्यक औषधांची मर्यादित यादी, मूळ नावाने एकत्रित खरेदी, तांत्रिक पात्रता व दर यांचे वेगळे लिफाफे, प्रत्येक गटाच्या नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी आणि जिल्हानिहाय गोदामे ही त्याची अंगे होत. त्यांतील पासबुकाची योजना आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. प्रत्येक रुग्णालयाच्या नावे वर्षाची रक्कम पासबुकात जमा असते आणि गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलले की तेवढी वजा होते. काय हवे हे तेथील वैद्यक अधिकारी ठरवितो. मार्चअखेरीच्या नको असलेल्या पेट्यांचे कारणच उरत नाही. राजस्थाननेही २०११ मध्ये याच धर्तीवर महामंडळ उभारून निःशुल्क औषध योजना सुरू केली. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण निर्माण झाले आहे. आपल्या औषधांसाठीही पासबुकाचा आग्रह धरण्यास हे निमित्त योग्य आहे.

येथे एक अडचण प्रांजळपणे सांगितली पाहिजे. गोळीतील एका रसायनाचे प्रमाण मोजणे सोपे, दशमूलारिष्टाची परीक्षा तितकी सोपी नाही. केवळ नीचतम दर पाहिल्यास चांगले द्रव्य वापरणारा निर्माता बाद होतो. म्हणून आयुर्वेदिक फार्माकोपियातील मानकांनुसार तपासणी आधी आणि दर नंतर, हाच क्रम असला पाहिजे.

निर्मात्या सहकाऱ्यांसाठी

शासकीय देयक दीर्घकाळ अडकते, तेव्हा लहान फार्मसी पुढील निविदेतून बाहेर पडते आणि जी टिकते ती विलंबाचे व्याज दरात मिळविते. तो भार शेवटी शासनावरच येतो. ठरल्या मुदतीत देयक चुकते करणे हीच खरेदीतील पहिली बचत होय. मात्र वेळेवर पैसे मागताना नमुना नापास झाल्यास काळ्या यादीत जाण्याची तयारीही आपण ठेवली पाहिजे.

आपले कर्तव्य

संघटनेने शासनाकडे तीन मागण्या मांडाव्यात असे आम्हांस वाटते. कपातीच्या वर्षीही औषधांचे लेखाशीर्ष अबाधित राहावे. प्रत्येक आयुर्वेदिक दवाखान्यास पासबुक मिळावे. देयकांस निश्चित मुदत असावी. बचत हवी असेल तर ती फर्निचर, वाहने, समारंभ आणि विखुरलेली खरेदी यांतून व्हावी.

या मागण्यांना पुराव्याचे बळ मात्र आपणच द्यावे लागेल. आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरात किती रुग्ण तपासले याचा रकाना होता. औषधाविना किती परत गेले याचा नव्हता. त्या आजीची नोंद कोठेच झाली नाही, म्हणून शासनाच्या लेखी तिचे काही बिघडलेही नाही. शासकीय सेवेतील आपल्या वैद्य बंधुभगिनींनी असा एक रकाना आजच आखावा, तारीख आणि न मिळालेल्या औषधाचे नाव लिहावे आणि दर तिमाहीस त्याची प्रत वरिष्ठांकडे व संघटनेकडे पाठवावी. पुढील कपातीचा आदेश येईल तेव्हा हाती दाखविण्यास काही असेल.